‘अलीकडे’चं मुखपृष्ठ

सुनयना एका जागी बसून काम करते असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. आदिलाबादच्या बस स्टँडमागच्या गल्लीत केशवरावांचं फ्लेक्सचं दुकान आहे. तिथं ती डिझाइन करते. वाढदिवसाचे, निवडणुकीचे, गणपतीचे, श्रद्धांजलीचे फ्लेक्स, लग्नपत्रिका, दुकानांच्या पाट्या. मराठी, तेलुगू, उर्दू, तिन्ही लिप्या तिच्या हाताखालून जातात. पण खुर्चीवर ती टेकते ती तेवढ्यापुरती. एक ओळ लावली की उठून दारापर्यंत जाते, तिथून डोळे बारीक करून पडद्याकडे बघते, परत येऊन ओळ थोडी सरकवते आणि पुन्हा दारापर्यंत. नव्या गिऱ्हाइकाला वाटतं, बाईंना कुठं तरी जायची घाई आहे. केशवराव त्याला समजावतात, "घाई नाई तिले. ती तशीच हाये."

माहेर जैनथकडचं, कापूसवाल्या घरातलं. इंटर, म्हणजे बारावी, झाल्यावर घरच्यांनी तिला निर्मल गावी चित्रकला शिकायला ठेवलं होतं. लाकडावर पोपट रंगवायचे. एका पोपटाचा हिरवा रंग वाळेपर्यंत थांबायचं, मग त्यावर दुसरा हात द्यायचा, मग पुन्हा थांबायचं. तिला थांबणं जमलं नाही. वर्षाच्या आत ती परत आली आणि फ्लेक्सच्या कामाला लागली. ते तिच्या स्वभावाला मानवलं. सकाळी ऑर्डर, संध्याकाळी फ्लेक्स चौकात. चार दिवसांनी तो उतरतो आणि कुणाच्या तरी शेतात सोयाबीनच्या गंजीवर झाकण म्हणून जातो. चूक राहिली तरी ती चार दिवसांचीच.

असं सगळं चाललं होतं, तेव्हा नागनाथ गुरुजी दुकानात आले. मराठी माध्यमाच्या शाळेत आयुष्यभर शिकवून निवृत्त झालेले, राहायला जैनथच्या बाजूला, पैनगंगेपासून जवळच्या गावात. त्यांनी आपल्या आठवणींचं पुस्तक लिहिलं होतं. त्याची मुद्रितं मी तपासत होतो, म्हणून पुढचं सगळं मला जवळून बघायला मिळालं. मुखपृष्ठासाठी सुनयनाचं नाव मीच सुचवलं होतं.

"जय भीम," गुरुजी म्हणाले. "पुस्तकाचं नाव ‘अलीकडे’. नदीच्या अलीकडे आपून, पलीकडे महाराष्ट्र. आन अलीकडे म्हंजे हल्लीचंच, लय जुनं नाई. दोन्ही अर्थ पायजे मले."

सुनयनानं मान डोलावली. मग एकदम विचारलं, "गुरुजी, हे किती दिवस राहीन?"

"काय?"

"मुखपृष्ठ. फ्लेक्स चार दिवस राह्यते. हे?"

गुरुजी हसले. "पुस्तक हाये बाई. कोनी फाडलं नाई तर माझ्या नातवाच्या नातवापर्यंत राहीन."

तिचा चेहरा उतरला. मी समोरच उभा होतो. ती उठून दारापर्यंत गेली आणि यावेळी आत वळायच्या ऐवजी रस्त्यावर जाऊन उभी राहिली.

पहिलं मुखपृष्ठ तिनं हाताच्या सवयीनं केलं. सोनेरी, फुगीर अक्षरांत ‘अलीकडे’. मागं मावळता सूर्य. खाली कापसाची बोंडं, कोपऱ्यात कमळ, दुसऱ्या कोपऱ्यात शाळा. चारी बाजूंनी वेलबुट्टी. गुरुजींनी चष्मा पुसून पाहिलं. वाईट वाटू नये म्हणून थोडा वेळ जास्तच पाहिलं.

"चांगलं हाये," ते म्हणाले. "पन लग्न कोनाचं हाये?"

केशवराव खो खो हसले. सुनयनाही हसली, पण त्या दिवसापासून तिचं बिनसलं. गुरुजींच्या घरचं कपाट उघडून ती पुस्तकं बाहेर काढून बघू लागली. जुनी, नवी, मुखपृष्ठ फाटलेली. एकदा मला म्हणाली, "सर, ह्यायच्यात नाव एकीकडं बसलं हाये आन चित्र एकीकडं. बसमध्ये दोन अनोळखी मानसं एका सीटवर बसतेत ना, तसं. तिकीट एकाच गावचं, पन बोलत नाईत." नाव आणि चित्र ही दोघं तिला बोलायला हवी होती. कशी, ते कळत नव्हतं. घरी भाजीत मीठ दोनदा पडू लागलं. तिचा नवरा जीवन आदिलाबाद-जैनथ ऑटो चालवतो. शांत माणूस. त्यानं मला रस्त्यात थांबवून विचारलं, "तुमी तिले काय काम देल्लं जी? जेवतानाबी उठून राह्यली."

गुरुजींच्या घरी तिच्या फेऱ्या वाढल्या. गुरुजी आतल्या खोलीत मुद्रितं घेऊन बसत, आणि ही बाहेर मनकर्णाबाईंजवळ. मनकर्णाबाई म्हणजे गुरुजींच्या पत्नी. सत्तरीच्या, बारीक, खणखणीत आवाजाच्या. तूर निवडता निवडता एका दुपारी त्या बोलल्या.

"माझं माहेर समोरच, नदीच्या तिकडं. उन्हाळ्यात लुगडं जरासं वर धरलं का पोचलीच मी. पन माझा बाप गेला तवा भादवा होता. नदी दोन्ही काठ धरून चालली होती. तिकडून एक मानूस काठावर येऊन वरडला. पान्याचा आवाज एवढा, का त्याचं अर्धंच इकडं आलं. माझं नाव आलं. पुढं काय बोलला ते आलंच नाई. आमी इकडून वरडलो, काय झालं, काय झालं. त्याले ते गेलं नाई. मंग तो निंघून गेला. आन मंग धूर दिसला. तवा समजलं मले."

सुपातली तूर हलत राहिली.  ऑटोत बसल्यावर सुनयना जीवनला म्हणाली, "भेटलं."

पुढच्या तीन-चार दिवसांत तिनं जे केलं ते खरोखर सुंदर होतं. वर ‘अलीकडे’ हे नाव साध्या काळ्या अक्षरांत. खाली राखाडी पाणी. काठावर पाठमोरी एक बाई, अगदी लहान. पलीकडे धुराची एक रेघ, ती वर चढत चढत नावातल्या शेवटच्या अक्षराला टेकलेली. केशवरावांनी पाहिलं आणि ते आत जाऊन तोंड धुऊन आले. मलाही वाटलं, झालं, काम संपलं.

ती छापील नमुना घेऊन गावी गेली. योगायोगानं मीही त्या दिवशी गुरुजींकडे होतो. गुरुजींनी कागद हातात घेतला. मनकर्णाबाईंनी तो त्यांच्या हातातून ओढून घेतला.

"हे मी हाओ काय?"

"हो मावशी."

"उभीच हाओ काय?"

सुनयनाला प्रश्न समजला नाही.

"मी उभी नव्हती राह्यली," मनकर्णाबाईंचा आवाज चढला. "पानी उतरत आलं तशी गेली मी. कमरेच्या वर होतं. आमचा पोरगा हर्षदीप कडेवर. हे मागून वरडत होते, नको जाऊ, नको जाऊ. गेली. मायजवळ राह्यली, तिले जेवू घातलं, आन परत आली. ते नाई काढलं तुनं. नुसती उभी करून टाकली. आता हे पुस्तक ह्यायच्या नातवाच्या नातवापर्यंत राहीन म्हंते. तेवढा टाइम मी अलीकडेच उभी राहू काय?"

 गुरुजी जमिनीकडे बघत होते. सुनयनानं कागद घेतला, घडी केली, पुन्हा घडी केली, आणि "येतो मावशी" म्हणून निघाली. मी मागोमाग गेलो. ती ऑटोपर्यंत थांबलीच नाही. रस्त्यानं झपाझपा चालत सुटली. जीवन बिचारा ऑटो हळू चालवत तिच्या मागून.

दोन दिवस ती दुकानात आली नाही. तिसऱ्या दिवशी आली ती चिडूनच. मला म्हणाली, "मी त्यायच्या दुःखाचा फ्लेक्स करून टाकला सर." मी म्हणालो, तसं नाही, चित्र चांगलंच होतं. "चांगलं होतं म्हून तर," ती म्हणाली, आणि पुन्हा रस्त्यावर गेली.

बाई काढून टाकली, तर खाली उरतं नुसतं पाणी. धूर काढला, तर नाव पुन्हा एकटं. बाई चालताना दाखवावी, तर पाठमोऱ्या आकृतीतून ती पलीकडे जाताना दिसे, परत येताना दिसेना. होडी घालावी, तर त्या घाटावर कधीच होडी नव्हती. कितीतरी कागद तिनं फाडले.

एका सकाळी तिनं जीवनला हायवेच्या पुलावर न्यायला सांगितलं. पाऊस उघडला होता, नदी भरलेली होती. पुलावरून ट्रकांमागून ट्रक जात होते, पूल हादरत होता. ही कठड्यावरून वाकून मोबाइलनं सरळ खालच्या पाण्याचे फोटो काढू लागली. काठ नाही, झाड नाही, आभाळ नाही, नुसतं वाहतं, मातकट पाणी. जीवननं तिची ओढणी मागून घट्ट धरून ठेवली होती. "पोलीस आले तर काय सांगू?" तो विचारत होता.

"सांग का बायको फोटो काढून राह्यली."

दुकानात येऊन तिनं जुना फ्लेक्स उलटा करून जमिनीवर अंथरला आणि जाड मार्करनं हातानंच लिहिलं, अ, ल, क, ड. आपण शाळेत आधी नुसती अक्षरं लिहितो तसं, रेघेशिवाय. मग अक्षरांच्या डोक्यावरून रेघ ओढायला हात उचलला आणि तिथंच थांबली. रेघेच्या जागी तिनं मोबाइल ठेवला. पडद्यावर पाणी होतं.

मी हे बघितलं नाही, केशवरावांनी सांगितलं. ते म्हणाले, ती त्या फ्लेक्सवर मांडी घालून बसली आणि बराच वेळ उठलीच नाही, तेव्हा मला वाटलं तब्येत बिघडली.

शिरोरेघ म्हणजे नदी. कागदाच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत, मलपृष्ठावरून येऊन पुस्तकाच्या पाठीवरून वळून मुखपृष्ठावर वाहणारी, खऱ्या पाण्याची. अक्षरं तिच्या खाली, म्हणजे दक्षिणेला, नकाशात आपण असतो तिथं. आणि नदीच्या वर, पलीकडच्या मोकळ्या पांढऱ्या जागेत, दोनच खुणा. ‘ली’ची वेलांटी पाण्यातून वर जाते, वळते आणि पुन्हा खाली अलीकडे उतरते. ‘डे’ची मात्रा वर जाते आणि तिकडेच राहते. बाई नाही, धूर नाही, सूर्य नाही. कॉम्प्युटरमधल्या एकाही फॉन्टची वेलांटी तिला पुरेना, म्हणून अक्षरं हातानं काढलेलीच ठेवली.

गुरुजींनी आधी मास्तरांच्या नजरेनं पाहिलं. "एवढी जाड शिरोरेघ? पोरायनं काढली असती तर खोडून टाकाले लावली असती." मग त्यांनी कागद लांब धरला. मग त्यांचं बोट वेलांटीवर गेलं, आणि त्यांनी आत हाक मारली, "अहो, बाहेर या जरा."

मनकर्णाबाईंनी पाहिलं. "हे मी?" त्यांनी वेलांटीवर बोट ठेवून विचारलं. सुनयनानं होकारार्थी मान हलवली. बाईंनी फक्त "हूं" केलं आणि आत गेल्या. थोड्या वेळानं आतूनच म्हणाल्या, "आता काढलंच हाये तर लिहूनबी टाका. तुमच्या पुस्तकात माझ्या बापाच्या दोनच ओळी हायेत."

गोष्ट इथं संपली असती, पण हर्षदीप होता. गुरुजींचा मुलगा, हैदराबादला नोकरीला. त्याला नमुना पाठवला तसा त्याचा सुनयनाला फोन आला. त्यानं स्वतःही एक मुखपृष्ठ करून पाठवलं होतं, मोबाइलवर एआयकडून तयार करून घेतलेलं. त्यात बैलगाडी होती, घागर घेतलेली बाई होती, आणि मधोमध गुरुजी, वीस वर्षांनी तरुण आणि चांगलेच गोरे. नाव मात्र ‘अलीडकके’ असं काहीतरी झालं होतं.

"नाव दुरुस्त करून घ्या, बाकी तसंच ठेवा," तो म्हणाला.

"सर, पन..."

"तुमचं वाईट नाही ताई. पण त्यात बाबा कुठंयत?" मग म्हणाला, "पस्तीस वर्षं शिकवलं त्यांनी. शाळेचा कुठलाही कार्यक्रम असो, फ्लेक्सवर दहा-दहा चेहरे. बाबांचा कधीच नाही. एकदा तरी लोकांना ते समोर दिसू द्या ना."

 ते दहा-दहा चेहरे तिनंच लावलेले होते. फोन ठेवल्यावर तिनं गुरुजींचा चेहरा मुखपृष्ठावर घालून पाहिला. नदीच्या खाली, वर, कोपऱ्यात, गोलात. जिथं घालावा तिथं डोळा आधी चेहऱ्यावर जाई आणि नदी नुसती पट्टी होऊन बसे. शेवटी तिनं तो मलपृष्ठावर घेतला. लहान चौकटीत नाही, चांगला मोठा, नदीच्या खाली, अलीकडे. हर्षदीपला ते पटलं नाही. आठ-दहा दिवस निरोपानिरोपी चालली. गुरुजी मध्ये पडायला तयार नव्हते. ते नवं प्रकरण लिहीत होते, मनकर्णाबाई सांगतील तसं, त्यांच्याच बोलीत.

ते प्रकरण हर्षदीपलाही वाचायला गेलं. नंतर त्यानं आईला फोन केला म्हणे. बराच वेळ बोलला. शेवटी विचारलं, "मी काय करत होतो गं तेव्हा?" "बोंबलत होता," आई म्हणाली. दुसऱ्या दिवशी सुनयनाच्या मोबाइलवर चार शब्द आले : फोटो मागंच असू द्या.

फाइल नांदेडच्या प्रेसला गेली. प्रकाशनाचा दिवस ठरला, हॉल ठरला, पाहुण्यांना कळवून झालं. आता तरी ही बाई स्वस्थ बसेल असं मला वाटलं. दोन दिवस ती बसलीही. तिसऱ्या दिवशी दुकानात कुणाची तरी पत्रिका करताना ती एकदम उठली. मला फोन.

"सर, ते नवीन प्रकरन पुस्तकात गेलं ना?"

"गेलं की."

"मंग पुस्तक जाड झालं. पाठ रुंद झाली. माझं मुखपृष्ठ जुन्या पाठीच्या मापाचं हाये!"

मापात झालेला फरक थोडासाच, पण तिनं ‘अ’ अगदी कडेला ठेवला होता. तेवढ्या फरकानं ‘अ’ची कड घडीवर येऊन मागं वळणार होती. ती प्रेसला फोन लावत राहिली, कुणी उचलेना. पुढच्या पहिल्या गाडीनं ती नांदेडला गेली. जीवन स्टेशनपर्यंत सोडायला आला होता. मी म्हणालो, मीही येतो. ती म्हणाली, "नको सर, तुमी मले बस बस म्हनान."

नंतर तिनंच सांगितलं, प्रेसमध्ये छपाईच्या प्लेट्स बनून तयार होत्या, मशीनवर चढायच्या बाकी. मालक वैतागला. नव्या प्लेट्स म्हणजे उद्यावर काम जाणार, आणि उद्या दुसऱ्याचं काम होतं. सुनयना वाद घालायला गेली नाही. तिथल्याच कॉम्प्युटरवर बसून तिनं माप दुरुस्त केलं आणि मालकाच्या टेबलाजवळ जाऊन उभी राहिली. बसा म्हटलं तरी बसली नाही. चहा आला, तो निवला. मशीनवाला शेवटी मालकाला म्हणाला, "करून टाकू साहेब, नाहीतर या इथंच फेऱ्या मारतील."

संध्याकाळी पहिला कागद बाहेर आला. नदी लाल. पडद्यावर मातकट दिसणारं पाणी कागदावर रक्तासारखं झालं होतं.

"अशी नाही," ती म्हणाली. "चहाचा गाळ असते ना, तशी पायजे."

मशीनवाल्यानं लाल शाई कमी केली, पिवळी जरा वाढवली, कागद काढला, पुन्हा कमी केली. कागदामागून कागद. एका कागदावर पाणी पाण्यासारखं आलं. त्याचा कोपरा धरून ती खिडकीपाशी उजेडात गेली, परत मशीनपाशी आली, पुन्हा खिडकीपाशी. "हे," ती म्हणाली, "हेच ठेवा," आणि लगेच, "थांबा." मशीनवाल्यानं यावेळी थांबायचं नाव घेतलं नाही. मशीन सुरू करून टाकलं.

प्रकाशन आदिलाबादलाच झालं. एका वक्त्यांनी भाषणात म्हटलं, लेखन जिवंत आहे, मात्र मुखपृष्ठावर एखादं चित्र असतं तर बरं झालं असतं. सुनयना मागं दारात उभी होती, तिनं ते ऐकलं. हर्षदीप हैदराबादहून आला होता. त्यानं टेबलावरच्या काही प्रती उलट्या करून ठेवल्या, म्हणजे बाबांचा चेहरा वर येईल अशा. थोड्या वेळानं मनकर्णाबाईंनी त्या पुन्हा सुलट्या केल्या. मग त्यांनी सुनयनाला जवळ बोलावलं.

"ही मी समजली. आन ही कोन?" त्यांचं बोट मात्रेवर होतं.

"जे तिकडं गेले आन तिकडंच राह्यले, ते."

बाईंनी विचार केला. "मंग ही आमची शुभांगी. तिकडं देल्ली पोरगी. दिवाळीलेबी येत नाई."

सुनयनाला एक प्रत मिळाली. आत पहिल्याच पानावर तिचं नाव होतं. ते तिनं एकदाच पाहिलं. त्यानंतर तिला फक्त एकच गोष्ट दिसत होती. वेलांटी जिथं परत उतरते, तिथं ती पाण्याला अगदी सूतभर उशिरा टेकते. मला तर दाखवूनही दिसलं नाही. "आता ते तसंच राहीन," ती म्हणाली, आणि प्रत पत्रिकांच्या नमुन्यांखाली सरकवून ठेवली.

गेल्या महिन्यात एका तेलुगू शिक्षिकेनं ते पुस्तक कुठंतरी पाहिलं आणि त्या दुकान शोधत आल्या. त्यांचा कवितासंग्रह निघतो आहे. नाव ‘गट्टु’, म्हणजे शेताचा बांध. सुनयनानं होही म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही. त्या गेल्यावर मला म्हणाली, "सर, तेलुगूले शिरोरेघच नाई. एकेक अक्षर आपापली शेंडी घेऊन सुटं बसते. ह्यायले एकमेकायसंग बोलवू कशानं?"

मला तेलुगू बोलता येतं, लिहिता येत नाही. मी तसं सांगितलं. पण तिनं ते ऐकलं असेल असं वाटत नाही, कारण तोपर्यंत ती आत जाऊन मार्कर शोधू लागली होती.